पन्नाशीनंतर अंगावर उगवणारे मस आणि चामखिळी: ओळखायच्या कशा, काढायच्या कधी

पन्नाशी ओलांडली की पाठीवर, मानेवर, कानशिलावर काही ना काही उगवू लागतं. कुठे तपकिरी खपली, कुठे लोंबता मस, कुठे लाल ठिपका, कुठे कातडीखाली मऊ गाठ. इंदूरच्या मराठी घरांत या सगळ्यांना सरसकट चामखीळ म्हणतात, शेजारपाजारी मस्सा म्हणतात, आणि उपायही सगळ्यांवर तोच सांगतात: चुना-सोडा लावा, नाहीतर दोरा बांधा. यातल्या बहुतेक वाढी निरुपद्रवी असतात आणि त्यांना काहीही केलं नाही तरी चालतं. नुकसान होतं ते दोन प्रकारांनी. एक तर निरुपद्रवी वाढ घरी जाळून जखम करून घेतली जाते. किंवा जी खरोखर डॉक्टरांना दाखवायला हवी होती, ती ‘वयामुळे आली असेल’ म्हणून वर्षभर तशीच राहते. दुसरं नुकसान मोठं.

आधी अंग नीट बघून घ्या

आंघोळीनंतर अंग कोरडं करा आणि तेल, पावडर, क्रीम लावण्याआधी बघा. तेल लागलं की खरखरीत खपली गुळगुळीत दिसते, तिच्या खाचा बुजतात आणि ओळख चुकते. ट्यूबलाइटखाली बघू नका. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीशी किंवा गॅलरीत, थेट ऊन न लागता भरपूर उजेड येईल अशा जागी आईला किंवा बाबांना स्टुलावर बसवा. तुम्हाला जवळचा चष्मा असेल तर तो लावूनच बसा.

वरून खाली या. टोकदार दांड्याच्या कंगव्यानं भांग पाडत पाडत डोक्याची कातडी बघा. मग कानामागची घडी, पापण्या, नाकाच्या कडा, मान, काखा. बायकांच्या बाबतीत स्तनांखालची घडी आणि परकराच्या नाडीची रेघ, पुरुषांच्या बाबतीत पट्ट्याची रेघ आणि जांघा. पाठ पूर्ण बघा. शेवटी तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि वीसही नखं. तळपाय आणि नखं बघायची राहून जातात. मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग आपल्याकडे विरळा आहे, पण सावळ्या कातडीत तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखालीच होतो. एकटं राहणाऱ्यांनी भिंतीवरचा आरसा आणि हातातला आरसा वापरावा, किंवा मोबाइल टेबलावर टेकवून टायमरनं पाठीचा फोटो काढावा.

जे सापडेल त्याचे दोन फोटो घ्या. एक लांबून, म्हणजे ते अंगावर नेमकं कुठे आहे ते कळेल. दुसरा वीतभर अंतरावरून, शेजारी शाळकरी प्लॅस्टिकची पट्टी धरून. फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशमुळे तेलकट पृष्ठभाग चमकतो आणि रंग खोटा येतो. खाली एक ओळ लिहा: ‘डावं कानशील, भुवईच्या टोकापासून दोन बोटं मागे, ७ मिमी, खरखरीत, एकच तपकिरी रंग.’ तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा फोटो. कोणत्याही वाढीबद्दल सर्वात उपयोगी माहिती म्हणजे ती बदलते आहे का, आणि ती नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही. पाठीचं बघणं एरवी राहून जात असेल तर दिवाळीतलं अभ्यंग उपयोगी पडतं. तेल चोळण्याआधी पाठ उजेडात बघून घ्यायची, मग उटणं लावायचं.

वरून चिकटवल्यासारखी दिसणारी खपली

वयस्क माणसांत सर्वात जास्त दिसते ती ही. डॉक्टर हिला सेबोऱ्हिक केराटोसिस म्हणतात. चाळिशी-पन्नाशीपासून एकेक दिसू लागते आणि सत्तरीपर्यंत पाठीवर कितीतरी होऊ शकतात. मेणाचा थेंब टाकून वरून बोटानं दाबल्यासारखी ती कातडीवर बसलेली असते: कडा स्पष्ट, नखानं उचलता येईल असं वाटणारी, स्पर्शाला तेलकट-खरखरीत. रंग फिकट पिवळट तपकिरीपासून काळ्यापर्यंत कुठलाही. आकार एक-दोन मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. पाठ, छाती, कानशील, डोकं, स्तनांखाली, कुठेही येते. तळहात-तळपायांवर मात्र येत नाही. म्हणून तळपायावर असं काही काळं दिसलं तर त्याला या गटात टाकू नका.

ही कातडीच्या सर्वात वरच्या थरातल्या पेशींची वाढ आहे. विषाणूमुळे होत नाही, म्हणून एकाची दुसऱ्याला लागत नाही. नातवाला मांडीवर घ्यायला, टॉवेल शेजारी वाळत घालायला काहीही हरकत नाही. घराण्यात असते, वयानं वाढते, आणि तिचा कर्करोग होत नाही. भिंगातून बघितलं तर पृष्ठभागावर काळे बारीक खड्डे आणि पांढरे दाणे दिसतात. ते केराटिन, म्हणजे नखं आणि केस ज्याचे बनतात ते टणक प्रथिन, साचून झालेले असतात. डर्मोस्कोप नावाच्या उजेडाच्या भिंगाखाली डॉक्टर याच खुणा शोधतात आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत, काहीही न कापता निदान करतात.

मग ही खाजते का, रक्त का येतं? बहुतेक वेळा घर्षणामुळे. परकराची नाडी, ब्रेसियरचा पट्टा, हेल्मेटचा बंद, कंगव्याचे दात. घासून घासून खपली सुजते, लाल होते, अर्धी निघते आणि ओल येते. अशा वेळी नाडी दोन बोटं वर-खाली सरकवा, अंग साध्या साबणानं धुवा, खरखर कमी करायला व्हॅसलिन किंवा १० टक्के युरिया असलेलं मलम दिवसातून दोनदा लावा. वजरीनं किंवा घासणीनं खरवडू नका; वरचा थर निघतो, मूळ तसंच राहतं, आणि मधुमेह असेल तर जखम चिघळायला वेळ लागत नाही. डोक्यावरच्या खपलीच्या खाचांत मेंदी आणि केसांचा काळा रंग बसतो. रंगपंचमीला गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, बघून आल्यावर पाठीवरच्या खाचांतही गुलाल आणि पक्का रंग अडकतो. ‘रंग बदलला’ म्हणून घाबरायच्या आधी चार-पाच आंघोळी होऊ द्या आणि पुन्हा बघा.

एक अपवाद लक्षात ठेवा. आधी दोन-चारच होत्या आणि दोन-तीन महिन्यांत पाठ-छाती भरून गेली, सोबत खूप खाज, भूक मंदावलेली, वजन उतरलेलं, तर ते निव्वळ वय नाही. क्वचित प्रसंगी पोटाच्या आतल्या कर्करोगाची ती बाहेरची खूण असते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि वजन उतरल्याचं त्यांना आवर्जून सांगा.

हिचीच एक बहीण आपल्या कातडीत फार दिसते: गालफडांवर, डोळ्यांच्या बाजूला, मानेवर मोहरीएवढे, गुळगुळीत, काळे-तपकिरी असंख्य दाणे. बायकांत जास्त आणि पुष्कळदा तिशीतच सुरू. आईला होते, मावशीला होते, तुम्हालाही येणार. काही करायची गरज नसते. घोट्याभोवती आणि नडग्यांवर पांढरट-करड्या, झटकल्या तर पडतील अशा बारीक खपल्या दिसल्या तर त्याही याच कुळातल्या.

लोंबते मस, आणि एक रक्ततपासणी

मान, काखा, जांघा, पापण्या, स्तनांखाली, म्हणजे जिथे कातडी कातडीला घासते तिथे मऊ, देठावर लोंबणारे मस येतात. बहुतेक एक ते पाच मिलिमीटर. वजन वाढलं, गरोदरपण आलं, मधुमेह झाला की वाढतात. मंगळसूत्राची साखळी, जानवं, तुळशीची माळ यांत अडकून दुखतात. सलूनमध्ये दाढी करताना वस्तरा लागून कापले जातात. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्याच जागा दाखवून द्या आणि ब्लेड नवं घालायला सांगा.

मानेवर मसांचा घोळका असेल आणि तिथली कातडी काळसर, जाडसर, मखमली झाली असेल, तर मस काढण्याआधी साखर तपासा. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही याची ती खूण असते. आठ तास उपाशी राहून केलेली रक्तशर्करा १०० ते १२५ आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, १२६ किंवा जास्त आली तर मधुमेह समजतात. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला तपासणी पुन्हा करतात. या दोन तपासण्या मस काढण्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

कधी मस देठावर पिळवटतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो दुखतो, काळा पडतो आणि काही दिवसांत गळून पडतो. रंग अचानक बदलल्यामुळे घबराट होते. दाखवून खात्री करून घ्या, पण रात्री धावपळ करण्यासारखं त्यात नसतं.

लाल ठिपके, पिवळे दाणे, मऊ गाठी

पोटावर आणि छातीवर गर्द लाल, टाचणीच्या डोक्याएवढे ते साबुदाण्याएवढे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके. सावळ्या कातडीवर जांभळट-काळे दिसतात. यकृत बिघडलं म्हणून हे येत नाहीत. खाजवून फुटले तर आकाराच्या मानानं जास्त रक्त येतं. स्वच्छ कापड ठेवून घड्याळ लावून १० मिनिटं दाबून धरा. मध्ये मध्ये उघडून बघितलं की गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं.

कपाळावर आणि गालांवर मध्ये खळगी असलेले पिवळसर दाणे म्हणजे फुगलेल्या तैलग्रंथी. निरुपद्रवी, पण चेहऱ्यावरचा एक कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो, म्हणून एकदा डर्मोस्कोपखाली बघून घ्यावेत. पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळे चपटे चट्टे असतील तर लिपिड प्रोफाइल करा. निम्म्या लोकांत कोलेस्टेरॉल ठीकच निघतं, उरलेल्यांना वेळेवर कळतं.

कातडीखाली मऊ, बोटानं ढकललं तर सरकणारी, न दुखणारी गोळी ही चरबीची गाठ. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, वाढती, दुखरी किंवा खोल बसलेली टणक असेल तर सोनोग्राफी करून घ्या. वर काळं टोक असलेली गोळी, दाबली तर वास येणारा पिठूळ पदार्थ येतो, ती केराटिनची पिशवी. ती पिळू नका. पिशवी आत फुटली की तो पदार्थ आजूबाजूला पसरतो, भयंकर सूज येते, आणि नंतर शस्त्रक्रियेत पिशवीची भिंत पूर्ण निघत नाही, म्हणून ती पुन्हा भरते.

वाट न बघता दाखवायचं ते हे

– चार आठवड्यांत न भरलेली किंवा भरून पुन्हा पुन्हा उघडणारी चेहऱ्यावरची जखम. कडा मोतिया चकाकीची किंवा काळसर, मध्ये खड्डा आणि खपली असेल तर विशेष.
– एकाच डागात दोन-तीन रंग, एक अर्धं दुसऱ्या अर्ध्याशी न जुळणारं, वेड्यावाकड्या कडा, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा किंवा पसरणारा.
– तळपायावरचा नवा काळा डाग. नखातली काळी उभी रेघ, जी रुंद होते आहे किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली आहे.
– जुन्या भाजल्याच्या वणावर आलेली गाठ किंवा न भरणारा व्रण. वणाला वीस-तीस वर्षं झाली असली तरी.
– शिंगासारखी टणक उभी वाढ. शिंग स्वतः मृत केराटिन असतं, धोका त्याच्या मुळाशी असू शकतो.
– खालच्या ओठावरचा न जाणारा खरखरीत चट्टा.

यासाठी त्वचारोगतज्ज्ञच हवा. ब्यूटी पार्लर नव्हे. इंदुरात एमवाय या सरकारी रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी आहे, शहरात खासगी दवाखानेही पुष्कळ आहेत. जाताना तीन महिन्यांपूर्वीचे फोटो न्या, चालू गोळ्यांची यादी न्या, आणि मेकअप, तेल, नेलपॉलिश काढून जा.

घरचे उपाय आणि त्यांतून काय होतं

चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवला की रसायन बदलतं आणि कॉस्टिक सोडा तयार होतो. तो मस जाळतो, पण तिथेच थांबत नाही. दुखणं जाणवेपर्यंत कातडीत खोल उतरतो. मानेवर खड्ड्याचे किंवा उंच वाढणारे वण राहतात ते यामुळे. चुकून लागलाच तर लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नका. वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा. डोळ्यात गेला तर पाणी मारत मारतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

बिब्ब्याचं तेल त्याहून वाईट, कारण ते जाळतंही आणि ॲलर्जीही देतं. लावलेल्या ठिकाणाहून ते बोटांवर, पापण्यांवर, पांघरुणाला लागतं आणि एक-दोन दिवसांनी चेहरा सुजून फोड येतात. लसूण ठेचून रात्रभर बांधला तरी फोड येतो. दोरा किंवा घोड्याचा केस बांधण्यात गणित असं चुकतं: फास पुरेसा आवळला नाही तर शिरा बंद होते, धमनी चालू राहते, मस सुजून दुप्पट होतो, कुजतो, पू होतो. मधुमेह असलेल्या माणसाला हे मुळीच करू नका.

ऑनलाइन मिळणारी ‘मस्सा रिमूव्हर’ मलमं आणि मस जाळायची चार्जिंगची पेनं यांच्याबद्दलही तेच. अमेरिकेच्या एफडीएनं २०२२ मध्ये स्पष्ट इशारा दिला, की तीळ किंवा मस घरी काढण्यासाठी त्यांनी एकाही उत्पादनाला मान्यता दिलेली नाही. या मलमांत बऱ्याचदा जास्त तीव्रतेचं सॅलिसिलिक आम्ल असतं. आणि यातला खरा धोका वणाचा नाहीच. वरचा भाग जळून गेला आणि ते मुळात मेलॅनोमा होतं, तर तपासायला काहीच उरत नाही आणि रोग आत चालू राहतो.

काढायचंच ठरलं तर

काढण्याची रास्त कारणं तीन: सतत घासतं किंवा खाजतं, दिसायला नको वाटतं, किंवा निदानाबद्दल शंका आहे. तिसरं कारण असेल तर जाळायचं नाही, कापून पॅथॉलॉजीला पाठवायचं. डॉक्टरांना सरळ विचारा, “हे काय आहे याची तुम्हाला खात्री आहे का? नसेल तर बायोप्सीला पाठवाल का?” या प्रश्नानं कुठलाही चांगला डॉक्टर दुखावत नाही.

लहान मस बारीक कात्रीनं देठाशी छाटतात किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं, म्हणजे विजेच्या उपकरणाच्या टोकानं, काढतात. चेहऱ्यावरच्या दाण्यांसाठी आधी ४५ ते ६० मिनिटं बधिर करणारं मलम, लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के, पारदर्शक फिल्मखाली लावतात. हे मलम डॉक्टर सांगतील तेवढ्याच जागेवर लावा. पाठभर फासलं तर औषध रक्तात जास्त जातं. जाड खपली हलकी जाळून क्युरेट नावाच्या धारदार चमच्यासारख्या हत्यारानं खरवडतात.

द्रव नायट्रोजननं गोठवण्याचा पर्यायही असतो. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार लवकर मरतात, बाकीच्या पेशी मरण्याआधीच. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर गोठवलं की खपली जाते आणि जागी पांढरा डाग राहू शकतो, जो खपलीपेक्षा जास्त नजरेत भरतो. पाठीवर चालेल. चेहऱ्यावर कमी शक्तीची रेडिओफ्रिक्वेन्सी बरी, तीही आधी कानामागच्या एक-दोन दाण्यांवर करून, सहा-आठ आठवडे थांबून, वण कसा येतो ते बघून.

आधी सांगायच्या गोष्टी: पेसमेकर आहे का (विजेच्या उपकरणाचा त्याच्याशी घोळ होऊ शकतो), रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, वण उंच वाढण्याची सवय आहे का, साखर किती आहे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनानं बंद करू नका. एका मसाच्या रक्तापेक्षा हृदयाच्या धमनीत बसवलेली नळी, म्हणजे स्टेंट, बंद होणं भयंकर असतं. निव्वळ दिसण्यासाठी केलेलं काम आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. त्रासासाठी काढत असाल तर तो त्रास केसपेपरवर लिहून घ्या.

वेळही बघून ठरवा. रंगपंचमीच्या आधीचे दोन आठवडे टाळा, घरचं लग्न असेल तर किमान दोन महिने आधी करा. पहिल्या दिवशी जागा कोरडी ठेवा. दुसऱ्या दिवसापासून साबण-पाण्यानं हलकं धुऊन, टिपून, व्हॅसलिनचा पातळ थर दिवसातून दोनदा. हळद, राख, टूथपेस्ट काही नको. चेहऱ्यावरची खपली साधारण ५ ते ७ दिवसांत, पाठीवरची १० ते १४ दिवसांत आपोआप पडते. उचकटली तर डाग राहतो. खपली पडल्यावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन रोज, बाहेर असाल तर दर दोन तासांनी, निदान तीन महिने. एप्रिल-मेच्या उन्हात हे चुकवलं तर काढलेल्या दाण्याच्या जागी काळा डाग उमटतो आणि तो जायला महिने लागतात. लाली पसरू लागली, पू आला, ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

तुकडा पॅथॉलॉजीला गेला असेल तर रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या, नुसतं ‘काही नाही निघालं’ या निरोपावर थांबू नका. त्यावर जागा आणि बाजू बरोबर लिहिली आहे का बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि आईच्या फाइलला लावा. त्याच जागी पुन्हा काही उगवलं तर दुसऱ्या डॉक्टरांपुढे सर्वात आधी तो कागद ठेवा.